घरातील राउटरची रोजकीर्द

म्हैसूर शहर मागे टाकून नंजनगूडच्या रस्त्याला लागले की थोड्याच वेळात कडकोळ हे गाव येते. गाव लहान, परंतु त्याच्या अंगाशी औद्योगिक वसाहत उभी राहिली आहे आणि म्हैसूर-चामराजनगर लोहमार्गावरील एक छोटेखानी स्थानकही त्याच्या वाट्याला आले आहे. माझी थोरली बहीण गेली काही वर्षे तेथे राहते. तिचे यजमान वसाहतीतील एका कारखान्यात स्टोअर्सचे काम पाहतात. घरात मराठी, दारात कन्नड आणि कारखान्यात निम्मीशिम्मी इंग्रजी, असा त्या घराचा भाषाव्यवहार. एका पावसाळ्यात आठवडाभर मी त्यांच्याकडे राहावयास गेले असता तेथे जो प्रकार ऐकला आणि थोडाबहुत पाहिला, तो वाचकांना सांगावासा वाटतो; कारण ज्या ज्या घरी आज इंटरनेटची तार पोहोचली आहे, त्या कोणत्याही घरी तो घडू शकेल.

बहिणीच्या दिवाणखान्यात कपाटावर दोन शिंगांचा एक काळा डबा ठेवलेला आहे. त्यालाच राउटर म्हणतात, हे आता मुलांनाही ठाऊक असते. बाहेरून येणारी एकच तार आणि घरातील पाच-पंधरा यंत्रे यांच्या मध्ये बसून तो टपालघराचे काम करतो. कोणाचे पत्र कोणाकडे द्यावयाचे आणि कोणाचे बाहेर धाडावयाचे, याची निवड तो क्षणोक्षणी करीत असतो. लहरींवाटे घराघरांत काही पोहोचविण्याच्या बाबतीत म्हैसूरचा मान मोठा आहे, हे जाता जाता सांगितले पाहिजे. महाराजा कॉलेजातील मानसशास्त्राचे प्राध्यापक गोपालस्वामी यांनी १९३५ साली म्हैसुरातील आपल्या राहत्या घरातून ध्वनिक्षेपण सुरू केले. ‘आकाशवाणी’ हे नाव त्या घरगुती केंद्राचे. पुढे ते साऱ्या देशाच्या नभोवाणीला मिळाले. मात्र नभोवाणीचा संच केवळ ऐकत असे. कोणी काय ऐकले, हे त्याच्या पोटात कोठेही लिहून राहत नसे. राउटरचे तसे नाही. तो ऐकतो, बोलतो आणि लिहूनही ठेवतो.

या लिहून ठेवण्याला इंग्रजीत ‘लॉग’ म्हणतात. भाषांतराच्या व्यवसायात असल्यामुळे या शब्दाशी माझी जुनी ओळख आहे. लॉग म्हणजे मुळात ओंडका. शिडाच्या जहाजांचा वेग मोजण्यासाठी खलाशी दोरीला बांधलेला लाकडाचा तुकडा पाण्यात सोडीत आणि दोरीच्या किती गाठी हातातून सुटल्या ते मोजीत. तो आकडा ज्या वहीत उतरवीत तिला ओंडक्याचेच नाव पडले. कन्नडात नोंदीला ‘दाखले’ म्हणतात, म्हणजे आपलाच ‘दाखला’. मला विचाराल तर राउटरच्या या वहीला आपल्या व्यापाऱ्यांचा ‘रोजकीर्द’ हा शब्द अधिक शोभतो. दिवसभरातील व्यवहार ज्या क्रमाने घडले त्या क्रमाने, बरेवाईट न पाहता मांडावयाचे, ही रोजकीर्द. त्यावरून कोणाच्या नावे काय निघते हे दाखविणारी खतावणी निराळी. आणि ती मांडावयास माणूस लागतो.

बहिणीच्या घरी या वहीची आठवण झाली ती पैशांच्या पायी. त्यांच्या इंटरनेटला महिन्याला एक हजार जीबी माहितीची मर्यादा होती. ती ओलांडली की तार चालू राही, परंतु तिचा वेग बैलगाडीचा होई. आधी महिना पुरून उरणारी ही मर्यादा एकाएकी पंचविसाव्या दिवसाच्या आसपास संपू लागली. घरात पी. यू. सी.च्या दुसऱ्या वर्षाला बसलेला मुलगा असताना संशय कोठे जाणार, हे निराळे सांगावयास नको. भाऊजींनी राउटरचे पान उघडले. हे पान उघडणे अवघड नसते. संगणकावर बहुधा १९२.१६८.१.१ असा काहीसा पत्ता लिहावयाचा, तेथील नाव आणि पासवर्ड द्यावयाचा, आणि ‘सिस्टिम लॉग’ असे जेथे लिहिलेले असेल तेथे जावयाचे. एका ओळीत एक घटना: अमुक वेळी अमुक यंत्र जोडले गेले, अमुक वेळी त्याला अमुक क्रमांकाचा पत्ता दिला, अमुक वेळी ते निघून गेले. स्टोअर्सच्या माणसाला अशी वही नवी नव्हे. भाऊजींनी दोन आठवडे त्या ओळी एका दुरेघी वहीत उतरवून घेतल्या आणि त्यात त्यांना जे भय होते तेच दिसले. मुलाचा फोन रोज रात्री दोन चाळीसच्या सुमारास जागा होत होता.

मुलाने साफ नाकारले. वडिलांनी वही पुढे केली. लेखी पुराव्यापुढे सतरा वर्षांच्या मुलाने काय बोलावे? फोन कपाटात गेला, बोलणे खुंटले. माझी बहीण मला म्हणाली, “तो अभ्यास करीना झाला असता तर चालले असते गं, पण तो जेवताना खाली बघून जेवू लागला.”

आठव्या दिवशी संध्याकाळी पाऊस आला आणि सात वाजता वीज गेली. मेणबत्तीच्या उजेडात जेवणे चालली असता सात बावीसला ती परत आली. दुसऱ्या दिवशी भाऊजी नेहमीप्रमाणे वही घेऊन बसले, तो वहीत एक चमत्कार! पहिल्या काही ओळींवर तारीख होती १ जानेवारी १९७०. त्यांखालच्या ओळीवर आदल्या दिवसाचीच तारीख, परंतु वेळ दुपारी एक बावन्नची. मुलाने वडिलांच्या खांद्यावरून ते पाहिले आणि म्हणाला, “बाबा, वीज सात बावीसला आली होती. मी घड्याळ पाहिले होते. एक बावन्नला तुम्ही कारखान्यात होता आणि घरी वीज होती.”

वाचकहो, उलगडा साधा आहे. बहुतेक घरगुती राउटरांत घड्याळ चालू ठेवणारी बॅटरी नसते. वीज गेली की त्यास काळाचे भान राहत नाही. आणि युनिक्स या संगणकप्रणालीच्या परंपरेत काळ १ जानेवारी १९७० पासून मोजतात, म्हणून पुष्कळशी अशी यंत्रे जागी होताच तीच तारीख सांगतात. थोड्याच वेळात ती इंटरनेटवरील एखाद्या कालदर्शक संगणकाला खरी वेळ विचारून घेतात. परंतु ती मिळते जागतिक प्रमाणवेळ. आपली भारतीय वेळ तिच्यापुढे साडेपाच तास आहे, हे राउटरला कोणी तरी सांगावे लागते. या घरी ते कोणी सांगितले नव्हते. दुपारच्या एक बावन्नमध्ये साडेपाच तास मिळविले की सायंकाळचे सात बावीस होतात. आणि रात्रीच्या दोन चाळीसमध्ये मिळविले की सकाळचे आठ दहा. सकाळची शिकवणी आटोपून मुलगा घरी परतण्याची ती वेळ.

भाऊजींनी फोन कपाटातून काढून मुलाच्या हाती दिला. त्या वेळी ते काय बोलले हे बहिणीने मला सांगितले नाही आणि मीही विचारले नाही. घरातील आजोबांना मात्र त्या १९७० सालाची मोठी गंमत वाटली. त्या वर्षी आपण बेळगावात शाळेत होतो आणि हा डबा तेव्हापासून आपल्यावर पाळत ठेवून आहे काय, असे ते येणाऱ्या-जाणाऱ्याला विचारीत.

घड्याळाची ही बाब सरकारलाही क्षुल्लक वाटलेली नाही. संगणक-सुरक्षेचे काम पाहणाऱ्या ‘सर्ट-इन’ या केंद्रीय संस्थेने २८ एप्रिल २०२२ रोजी जे निर्देश काढले, त्यांत सेवा पुरविणाऱ्या कंपन्यांनी व संस्थांनी आपल्या नोंदी १८० दिवस जपाव्यात असे सांगितले. त्याबरोबरच आपली घड्याळे राष्ट्रीय सूचना-विज्ञान केंद्राच्या अथवा दिल्लीच्या राष्ट्रीय भौतिक प्रयोगशाळेच्या वेळेशी जुळवून ठेवावीत असेही सांगितले. हे बंधन घरांवर नाही. परंतु ज्या नोंदीची वेळ चुकली ती नोंद नसलेली बरी, हे या घराने आठ दिवसांत अनुभवले.

मग मर्यादा संपत होती ती कशाने? येथे भाऊजींच्या कारखान्यातील संगणक विभागाचे एक सहकारी मदतीला आले. त्यांनी प्रथम घड्याळ दुरुस्त केले. नंतर घरात धूळ खात पडलेला एक जुना संगणक पुसून सुरू केला आणि राउटरला आपल्या नोंदी त्याच्याकडे धाडीत राहण्याची आज्ञा दिली. याची आवश्यकता अशी की, राउटरची स्मृती लहान असते. वही भरली की जुनी पाने फाडून तो नवी लिहितो आणि वीज गेली तर सगळीच वही कोरी होते. नोंदी दुसऱ्या यंत्राकडे धाडण्याच्या या रीतीला ‘सिसलॉग’ म्हणतात. अमेरिकेत कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या बर्कली येथील शाखेत एरिक ऑलमन यांनी १९८०च्या दशकात आपल्या ई-टपालाच्या प्रणालीसाठी ती बसविली आणि आजही जगभरची यंत्रे तीच भाषा बोलतात. प्रत्येक नोंदीला शून्य ते सात असा गांभीर्याचा क्रमांक असतो. शून्य म्हणजे घर पेटले, सात म्हणजे केवळ कारागिराच्या उपयोगाची बारीकसारीक टिपणे. या नोंदी गोळा करणाऱ्या अनेक प्रणाली विनामूल्य मिळतात. साऱ्याच राउटरांत नोंदी बाहेर धाडण्याची सोय असते असे नाही. इंटरनेट कंपनीने दिलेल्या डब्यांत ती पुष्कळदा बंद ठेवलेली आढळते.

त्या राउटरमध्ये आणखी एक पान होते: कोणत्या यंत्राने किती माहिती घेतली व किती धाडली, त्याची बेरीज. तेथे चोर सापडला. शेजारच्या आळीत चोरी झाली म्हणून भाऊजींनी फाटकावर एक कॅमेरा बसविला होता. फाटकाशी हालचाल झाली तरच चित्र धाडावयाचे, अशी त्याची योजना असावयास हवी होती. प्रत्यक्षात तो रात्रंदिवस रिकाम्या फाटकाचे चलच्चित्र कोठल्याशा दूरच्या संगणकाकडे धाडीत बसला होता. सेकंदाला दोन मेगाबिट या बेताच्या वेगाने धरले तरी तासाला सुमारे ०.९ जीबी, दिवसाला साडेएकवीस आणि महिन्याला साडेसहाशे जीबी होतात. हजारातून साडेसहाशे कॅमेऱ्याचे. उरलेले चार-पाच माणसांचे.

येथवर ही कथा वाचून वाचकास वाटेल की वही ठेवणे हे फार चांगले. ते चांगले आहेच, आणि त्याचे कारण कर्नाटकाने पाहिलेले आहे. जुलै २०१७ मध्ये भारत संचार निगमच्या कर्नाटकातील ब्रॉडबँड ग्राहकांचे मोडेम एकाएकी बंद पडू लागले. वृत्तपत्रांनी त्यांचा आकडा साठ हजारांच्या घरात दिला. एका घातक प्रणालीने हा प्रताप केला होता, आणि तिला आत शिरावयास फारसे कष्टही पडले नव्हते. कारण कारखान्यातून येताना मोडेमला असलेले ‘ॲडमिन’ हे नाव आणि ‘ॲडमिन’ हाच पासवर्ड ग्राहकांनी कधी बदललाच नव्हता. निगमने ग्राहकांना पासवर्ड बदलण्याचे आवाहन केले. या कृत्याची जबाबदारी घेणाऱ्या एका निनावी माणसाचे म्हणणे असे की, असुरक्षित यंत्रे कायमची मोडून टाकून आपण इंटरनेटवर उपचारच करीत आहोत! रोग्याला मारून रोग बरा करणारा हा वैद्य. त्याच्या आदल्याच वर्षी, ऑक्टोबर २०१६ मध्ये, ‘मिराई’ नावाच्या प्रणालीने साठेक ठरावीक नावे आणि पासवर्ड वापरून जगभरचे घरगुती कॅमेरे व राउटर ताब्यात घेतले होते आणि त्यांच्या फौजेकरवी अमेरिकेतील मोठमोठी संकेतस्थळे काही तास बंद पाडली होती. ज्यांच्या घरच्या यंत्रांनी हा हल्ला केला, त्यांपैकी बहुतेकांना त्याची वार्ताही नव्हती.

रोजकीर्द पाहणाऱ्यास असल्या पाहुण्याची चाहूल लागू शकते. बाहेरच्या पत्त्यावरून राउटरचा पासवर्ड पुनःपुन्हा चुकीचा टाकला गेल्याच्या ओळी, आपण काही केलेले नसताना बदललेली एखादी रचना, मध्यरात्री कोणी न सांगता पुन्हा सुरू झालेला राउटर, या ओळींकडे आठवड्यातून एकदा तरी दृष्टी टाकावी. त्याआधी मात्र पासवर्ड बदलणे, बाहेरून राउटर चालविण्याचे दार बंद करणे आणि कंपनीने दिलेल्या सुधारणा राउटरमध्ये घालणे, ही कामे उरकलेली असावीत. नाही तर कडीच नसलेल्या दाराशी नोंदवही घेऊन बसल्यासारखे व्हावयाचे. आणि एखादे अनोळखी यंत्र दिसले की घाबरून जाण्याचे कारण नाही. २०१९च्या अँड्रॉइड १० पासून आणि २०२०च्या आयओएस १४ पासून फोन आपला खरा क्रमांक लपवून वाय-फायला बनावट क्रमांक सांगतात, त्यामुळे घरातलाच फोन परक्याच्या वेशात येऊ शकतो. बहिणीने तर एकदा स्वतःच्याच फोनला वाय-फायमधून हाकलून दिले होते.

आता या प्रकारातील जो भाग मला अधिक महत्त्वाचा वाटतो, त्याकडे वळते.

सहकाऱ्यांनी जाता जाता आणखी एक नोंद चालू करून दिली होती. कोणत्याही संकेतस्थळावर जाताना आपले यंत्र प्रथम त्या स्थळाच्या नावावरून त्याचा क्रमांक विचारते. ही चौकशी राउटरमार्फत होत असल्यास कोणी कोणते नाव विचारले हे तेथे लिहून ठेवता येते. आत गेल्यावर माणसाने कोणते पान वाचले, काय लिहिले, हे आजकाल सांकेतिक लिपीमुळे बाहेरून दिसत नाही. काही ब्राउझर तर नावाची चौकशीही झाकून करतात. परंतु जेवढे दिसते तेवढे पुष्कळ असते. पत्र न उघडताही पाकिटावरील पत्ता वाचता येतो, तसेच हे.

एका शनिवारी भाऊजी नोंदी पाहत असता त्यांना दिसले की आजोबांच्या टॅबवरून पहाटे चार चाळीसला कर्करोगाच्या एका रुग्णालयाच्या संकेतस्थळाचे नाव विचारले गेले आहे. आदल्या दिवशीही तेच. त्याच्या आदल्या दिवशीही. या वेळी घड्याळ बरोबर होते.

ते तीन दिवस त्या घरात कसे गेले, याची कल्पना ज्यांच्या घरी वडीलधारे माणूस आहे त्यांनीच करावी. बहिणीने सासऱ्यांच्या जेवणाकडे लक्ष ठेवले. भाऊजींनी म्हैसुरातील डॉक्टरांना फोन केला आणि काय विचारावे हे न सुचल्याने खाली ठेवला. आजोबांना विचारावे, तर आपल्याला कळले कसे, हे सांगावे लागणार. अखेर चौथ्या दिवशी संध्याकाळी फिरावयास गेले असता भाऊजींनी धीर करून विषय काढला. “तात्या, तुम्हाला काही होतंय का? आमच्यापासून लपवू नका.”

आजोबा चालता चालता थांबले. त्यांना काही होत नव्हते. धारवाडला त्यांचा शाळासोबती आहे, दुखणे त्याला झाले होते. त्याने ते आपल्या मुलांनाही अजून सांगितले नव्हते. केवळ या मित्राला सांगितले होते आणि कोणाजवळ बोलू नकोस म्हणून शब्द घेतला होता. झोप येत नसे म्हणून आजोबा पहाटे उठून त्या रोगाविषयी वाचीत. शब्द आता मोडला होता. न बोलता मोडला होता.

“माझ्या पाकिटावरचा पत्ता तू वाचलास,” एवढेच ते मुलाला म्हणाले, आणि घरी येईपर्यंत दुसरे काही बोलले नाहीत.

एकांताचा हक्क हा मूलभूत हक्क आहे, असा निर्णय सर्वोच्च न्यायालयाच्या नऊ न्यायमूर्तींनी २४ ऑगस्ट २०१७ रोजी एकमताने दिला. ज्यांच्या नावाने तो खटला ओळखला जातो ते के. एस. पुट्टस्वामी हे कर्नाटक उच्च न्यायालयाचे निवृत्त न्यायाधीश. त्यानंतर २०२३ साली वैयक्तिक माहितीच्या संरक्षणाचा कायदा संसदेने संमत केला. परंतु एखाद्या व्यक्तीने घरगुती वा खाजगी कामासाठी ठेवलेल्या माहितीला तो लागू नाही, असे त्यातच म्हटले आहे. म्हणजे कायदा उंबरठ्याबाहेर थांबतो. ते एका परीने योग्यच आहे, कारण पिता-पुत्रांत पोलीस कशाला हवा? परंतु मग उंबरठ्याच्या आतला नियम घरानेच करावयास हवा आणि तो वही उघडण्यापूर्वी करावयास हवा. वसाहतीतील कामगारांना खोल्या भाड्याने देऊन त्यांना आपलेच वाय-फाय वापरू देणाऱ्या घरमालकांनी तर याचा विशेष विचार करावा. भाडेकरू काही घरचा माणूस नव्हे.

लहान मुलांचे काय, असे आईबाप विचारतील. दहा वर्षांच्या मुलाला नको त्या जागी जाऊ न देणे हे पालकांचे कामच आहे, आणि त्यासाठी राउटरमध्ये काही नावे मुळातच बंद करण्याची सोय असते. दार बंद करणे निराळे आणि दाराआडून पाहणे निराळे. सतरा वर्षांच्या मुलाच्या बाबतीत मला स्वतःला दुसरी गोष्ट मान्य नाही. बहिणीला थोडीशी आहे. आमचा त्यावर वाद झाला आणि तो मिटला नाही.

मी कडकोळला गेले तेव्हा हे सर्व होऊन महिना लोटला होता. राउटरजवळ कपाटाच्या दारावर एक कागद चिकटविलेला दिसला. अक्षर आजोबांचे, मोडी वळणाचे. संकेतस्थळांच्या नावांची नोंद बंद. यंत्रे आली-गेली, पासवर्ड चुकला, राउटर बंद-चालू झाला, एवढीच नोंद चालू. ती तीस दिवसांनी पुसली जाईल. पाहावयाची ती रविवारी सकाळी, आणि घरातील कोणीही माणूस शेजारी बसून पाहू शकेल. खाली साऱ्यांच्या सह्या होत्या, नातवाचीही होती.

मी होते त्या रविवारी नोंदी पाहण्याची पाळी त्या नातवाची होती. आजोबा चष्मा लावून शेजारी बसले होते. बुधवारी रात्री अकरा बाराला एक नवे यंत्र आल्याचे त्याने वाचले आणि हे कोणाचे, म्हणून विचारले. ते माझे होते. आले त्या दिवशी मी वाय-फायचा पासवर्ड ताईकडून मागून घेतला होता.

“रात्री अकरा वाजता मावशी काय करीत होती, ते यात नाही ना?” आजोबांनी विचारले.

“नाही,” मुलगा म्हणाला आणि पुढची ओळ वाचू लागला.